सरकार प्रार्थना वाचते तेव्हा



राष्ट्राच्या इतिहासात आणि राजकारणात धर्माचे स्थान काय, हा विषय तुम्ही मला दिलात. एवढा मोठा विषय एका संध्याकाळी पेलायचा तर पाय कुठेतरी जमिनीवर टेकलेले हवेत. म्हणून मी आज जबलपूर सोडून फारसा बाहेर जाणार नाही. तशी गरजही नाही. धर्म आणि राज्यसत्ता यांची गाठ किती तऱ्हांनी पडू शकते, हे ज्याला पाहायचे आहे त्याने तेवर-भेडाघाटपासून उच्च न्यायालयाच्या इमारतीपर्यंत एक फेरी मारावी.

धर्म राजकारणात असावा की नसावा, हा वाद आपण शंभर वर्षे घालतो आहोत. मला तो अर्धवट वाटतो. माणसे राजकारणात येतात ती आपली दैवते, आपली व्रते, आपली भीती आणि आशा घेऊनच येतात. ते सगळे दारात काढून ठेवून आत या, असे कुणाला सांगता येत नाही. माझा प्रश्न दुसराच आहे. एखाद्याच्या श्रद्धेचा अर्थ काय, ती खरी की खोटी, निरुपद्रवी की घातक, हे ठरवण्याचा अधिकार सरकार स्वतःकडे कधी घेते? आणि तो घेतल्यावर काय होते?

सप्टेंबर १८५७. जबलपूरच्या छावणीत ५२वी देशी पलटण आहे आणि तिच्यावर इंग्रज अधिकाऱ्यांचा भरवसा उरलेला नाही. शहरापासून काही मैलांवर पुरव्याला राजा शंकरशाह राहतात. गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्याचे हे वारस. राज्य केव्हाच गेलेले आहे. उरली आहे ती थोडी पेन्शन आणि जुन्या रयतेच्या मनातला मान. राजांच्या घरी काय शिजते आहे ते कळावे म्हणून डेप्युटी कमिशनर क्लार्क एका चपराशाला तिकडे पाठवतो, तोही फकिराच्या वेशात. दारात आलेल्या फकिराला या देशात कुणी परका मानत नाही, हे त्या अधिकाऱ्याला पक्के ठाऊक होते. त्याचे चपराशीही फकिराचा वेश सहज वठवू शकत होते. बोलणे झाले, बातमी पोचली आणि १४ सप्टेंबरला क्लार्क स्वार घेऊन पुरव्याला आला.

झडतीत एका रेशमी पिशवीत एक कागद सापडला. सरकारने बंडाबाबत काढलेल्या एका जाहीरनाम्याची ती पाठकोरी बाजू होती आणि तिच्यावर देवीची प्रार्थना लिहिलेली होती. देवीने शत्रूंचा संहार करावा, आपल्या भक्ताचे रक्षण करावे, अशी ती मागणी. शत्रू म्हणजे इंग्रज, हे त्यात लपवलेले नव्हते. या कागदाकडे क्षणभर नीट पाहा. एका बाजूला सरकारचा छापील हुकूम, दुसऱ्या बाजूला एका म्हाताऱ्या राजाचे देवीपाशी घातलेले गाऱ्हाणे. खजिना नाही, तोफा नाहीत, वकील नाही. लिहायला कोरा कागदसुद्धा घेतलेला नाही.

तो कागद पुरावा ठरला. कमिशनर अर्स्किनच्या वृत्तांतात त्या प्रार्थनेचे इंग्रजी भाषांतर आलेले आहे. इतर आरोपही होते. मोहरमच्या दिवशी छावणीवर हल्ला करण्याचा बेत होता, असे सरकारी कागद सांगतात. गोंड राजा, हिंदू-मुसलमान शिपाई आणि मोहरमचा मुहूर्त ही सांगड आजच्या पाठ्यपुस्तकी चौकटीत सहज बसत नाही, एवढे जाता जाता नोंदवतो. डेप्युटी कमिशनर आणि आणखी दोन अधिकारी यांच्यापुढे खटला चालला. म्हणजे ज्याने हेर पाठवला, ज्याने झडती घेतली, तोच न्यायासनावर बसला. १८ सप्टेंबरला शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी बांधून उडवण्यात आले. त्याच रात्री ५२वी पलटण छावणी सोडून निघून गेली.

शंकरशाहांची प्रार्थना राजकीय होती का? होती, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. ज्याच्या हातात काही उरलेले नाही त्याच्या हातात धर्म असतो. धर्माचे राजकारणातले हे सर्वांत जुने आणि माझ्या मते सर्वांत सच्चे रूप आहे. शत्रूचा नाश कर, अशी विनवणी देवीच्या स्तोत्रांत सर्रास असते. नवरात्रात घरोघर ती म्हटली जातात. फरक एवढाच पडला की या वेळी ती विनवणी सरकारने वाचली.

देवीचे नाव दिसताच गुन्ह्याचा वास यावा, ही सवय इंग्रज अधिकाऱ्यांना कुठे लागली? याच गावात. विल्यम स्लीमन या भागात अधिकारी होता. ठगांचा बंदोबस्त करणारे खाते त्याने जबलपुरातून चालवले. १८३० साली त्याने कलकत्त्याच्या एका वृत्तपत्रात निनावी पत्र लिहिले आणि ठगी हा भवानीच्या भक्तांचा देशभर पसरलेला पंथ आहे, विंध्याचलच्या देवळापाशी त्याचे मूळ आहे, असे चित्र उभे केले. १८३६ साली त्याचे ‘रामसीआना’ हे पुस्तक आले. माफीचे साक्षीदार बनलेल्या ठगांशी झालेले संवाद त्यात आहेत. त्यातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. स्लीमन मुसलमान ठगांना विचारतो, भवानीचे नाव कुराणात कुठे आहे का? नाही, असे ते सांगतात. मग तुम्ही तिला कसे मानता, हा त्याचा पुढचा रोख. बेड्या घातलेली माणसे, समोर त्यांच्या जिवाचा मालक, आणि चर्चा कुणाच्या धर्मात कोणते दैवत बसते याची.

वाटमारी आणि खून खरे होते. प्रवासी खरेच मरत होते आणि स्लीमनने ते थांबवले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण दुष्काळ, मोडलेली राज्ये, बेकार झालेले शिपाई ही कारणे बाजूला पडली आणि धर्म हेच कारण ठरले, याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. १८३६च्या कायद्याने एखादा माणूस ठगांच्या टोळीतला होता, एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेप देता येऊ लागली. त्याने कोणता खून केला, हे दाखवण्याची गरज उरली नाही. काय केलेस याऐवजी तू कोण आहेस, हा प्रश्न कायद्यात शिरला. १८७१च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने तोच प्रश्न जन्मजातीला विचारला. आपल्याकडच्या पारधी, बेरड, कैकाडी मंडळींना त्या प्रश्नाचे उत्तर अजूनही पोलीस चौकीत द्यावे लागते.

इथे कुणी म्हणेल, जुने हिंदू राजे काय वेगळे करत होते? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्याची सोय एका मराठी विद्वानाने करून ठेवली आहे. नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींनी कलचुरींचे कोरीव लेख संपादित केले. तो खंड १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्रिपुरीचे, म्हणजे आपल्या तेवरचे हे कलचुरी राजे पक्के शैव. दहाव्या शतकातल्या पहिल्या युवराजदेवाने मत्तमयूर पंथाच्या शैव आचार्यांना सन्मानाने बोलावून मठ दिले. त्याची राणी नोहला हिने शिवालय बांधून गावे दान दिली, हे बिल्हारीच्या लेखात आहे. ११५५ साली गयाकर्णाची विधवा राणी अल्हणदेवी हिने भेडाघाटला देऊळ, मठ आणि व्याख्यानशाळा बांधली आणि लाट देशातून आलेल्या पाशुपत आचार्याच्या हाती व्यवस्था सोपवली. भेडाघाटच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार आवार याच राजवटीतले आहे. याच राजवटीत लक्ष्मणराजाच्या मंत्र्याने कारीतलाईला विष्णूचे देऊळ बांधले, आणि गयाकर्णाच्या काळात बहुरीबंदला शांतिनाथाची जैन मूर्ती उभी राहिली.

हे सगळे धर्म आणि सत्ता यांचे साटेलोटेच होते, आणि ते सोवळ्यातले नव्हते. गावे दान दिली म्हणजे त्या गावांतल्या कुळांचा घाम दान दिला. राजाला गुरूच्या आशीर्वादाने प्रतिष्ठा मिळे, गुरूला राजाच्या दानाने मठ मिळे. तरी एक गोष्ट या लेखांत ठळक दिसते. गुरूचे तत्त्वज्ञान काय असावे, हे राजा ठरवत नाही. आंध्रात मलकापुरम् येथे १२६१ सालचा एक लेख आहे. युवराजदेवाने सद्भावशंभु या आचार्याला तीन लाख गावांची भिक्षा दिली आणि त्याने ती आपल्यापाशी न ठेवता गोळकी मठाला दिली, असे तो सांगतो. आकडा अलंकारिक असेल. पण त्याच मठपरंपरेतल्या विश्वेश्वरशंभूने तिथे काय उभारले ते वाचा: पाठशाळा, आरोग्यशाळा, प्रसूतिशाळा आणि ब्राह्मणापासून चांडाळापर्यंत सर्वांना अन्न. नर्मदाकाठी रुजलेल्या एका परंपरेने कृष्णेच्या तीरावर बाळंतिणींची सोय केली. धर्माने सत्तेकडून घ्यावे आणि लोकांना द्यावे, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आपण मराठी माणसांनी या गावात आणखी एक गोष्ट आठवली पाहिजे. १७४२ साली बाळाजी बाजीराव पेशव्यांनी मंडला जिंकले, तेव्हा गोंड राजा महाराजशाह मारला गेला. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य खालसा केले. तेच राज्य शंकरशाहांच्या पूर्वजांचे. मारणारे आणि मरणारे दोघेही देवीचे भक्त होते. धर्म एक असल्याने कुणाचे राज्य वाचले नाही. चौथाई मागताना धर्म आड आला नाही. राष्ट्राच्या इतिहासाला धर्माचा एकच सलग धागा आहे असे जे सांगतात, त्यांनी मंडल्याच्या किल्ल्यापाशी थोडे थांबावे.

आता स्वतंत्र भारतात येऊ. संविधान सभेचे सभासद असलेले जबलपूरचे सेठ गोविंददास पुढे दीर्घकाळ इथले खासदार होते. गोरक्षणाचा आग्रह त्यांनी कधी सोडला नाही. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गोहत्याबंदीच्या दुरुस्तीवर चर्चा झाली. गोविंददासांनी या प्रश्नाला धार्मिक आणि सांस्कृतिक बाजूही आहे, हे उघड सांगितले. पण जे कलम मंजूर झाले त्यात धर्माचा उल्लेख नाही. शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक, शास्त्रीय पद्धतीने करण्याची भाषा आहे. त्या दिवशी सर्वांत प्रामाणिक भाषणे कुणाची झाली असतील तर झेड. एच. लारी आणि सय्यद महंमद सादुल्ला यांची. बहुसंख्यांच्या धर्मभावनेसाठी हे करायचे असेल तर तसे स्पष्ट म्हणा, आम्ही आडवे येणार नाही. अर्थशास्त्राच्या मागच्या दाराने आणू नका, असा त्यांचा आशय होता. त्यांचे कुणी ऐकले नाही. १९५५ साली गोविंददासांचे गोवंशरक्षणाचे विधेयक लोकसभेत आले. नेहरूंनी पंतप्रधानपद पणाला लावून ते फेटाळायला लावले. पण मूळ कलमातली संदिग्धता तशीच राहिली आणि तिचा निकाल लावण्याचे काम न्यायालयांवर पडले. श्रद्धेची गोष्ट श्रद्धा म्हणून मांडली असती तर तिच्याशी वाद घालता आला असता, तडजोडही करता आली असती. बैलांचे वय आणि शेणाचे मूल्य मोजत ती भांडत राहिली.

१९६१चा फेब्रुवारी महिना इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. एका विद्यार्थिनीवर अत्याचार झाल्याची आणि तिच्या आत्महत्येची बातमी, आरोपी मुसलमान तरुण, आणि त्या बातमीला स्थानिक वृत्तपत्रांनी चढवलेला रंग. दंगल जबलपुरात पेटली आणि सागर, दमोह, नरसिंहपूरपर्यंत गेली. विडीच्या धंद्यातली हिंदू आणि मुसलमान कारखानदारांची चढाओढ तिच्या मुळाशी होती, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. मला त्याहून जास्त टोचते ती दुसरीच गोष्ट. एका मुलीचे दुःख तिचे, तिच्या आईवडिलांचे राहिले नाही. ते एका समाजाच्या नावावर चढले आणि दुसऱ्या समाजाच्या गल्ल्यांतून वसूल केले गेले. ज्यांची घरे जळली त्यांनी तिचे नावही कधी ऐकलेले नव्हते.

फाळणीनंतरच्या दशकात अशा घटना ओसरत चालल्या आहेत, असे मानणाऱ्या नेहरूंना जबलपूरने हादरवले. काँग्रेसचे कार्यकर्ते त्या दिवसांत घरात बसून राहिले, याची खंत त्यांनी बोलून दाखवली. त्याच वर्षी दिल्लीत राष्ट्रीय एकात्मता परिषद भरली. सप्टेंबरमध्ये संसदेने दोन कायदे दुरुस्त केले. धर्माच्या आधारावर वैर पसरवण्याविरुद्धचे दंडसंहितेतले कलम कडक झाले. निवडणूक कायद्यात आधी धर्माच्या नावाने ‘पद्धतशीर’ आवाहन केले तरच तो भ्रष्टाचार ठरे. ती अट निघाली आणि एकच भाषणही पुरेसे ठरू लागले. देशातल्या प्रत्येक उमेदवाराला आज लागू असलेल्या या तरतुदींवर १९६१च्या जबलपूरची सावली आहे.

या कायद्याची मोठी कसोटी लागली मुंबईत. १९८७ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक, रमेश प्रभू उमेदवार, प्रचाराला बाळासाहेब ठाकरे. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. ठाकरे यांचा मताचा हक्क पुढे सहा वर्षांसाठी गेला. निकाल न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा. तेही जबलपूरच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश आणि मुख्य न्यायाधीश राहिलेले. भाषणाला शिक्षा देणाऱ्या त्याच निकालपत्राने हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे, असेही म्हटले. शिक्षा विसरली गेली. व्याख्या मात्र प्रत्येक व्यासपीठावर गेली तीस वर्षे ऐकू येते. निवडणुकीतले गैरप्रकार रोखायला बसलेले न्यायालय धर्माचा अर्थ सांगू लागले आणि तो अर्थ ज्याला हवा होता त्याने उचलला.

२ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले की उमेदवाराचा धर्म असो की मतदाराचा, कुणाच्याच नावाने मत मागता येणार नाही. बहुमताचा हेतू स्वच्छ आहे. तरी माझे मन धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या अल्पमताकडे झुकते. उदय लळीत त्यात त्यांच्यासोबत होते. ज्यांना धर्मामुळे, जातीमुळे, भाषेमुळे सोसावे लागले त्यांनी ते सोसणे निवडणुकीत बोलायचेच नाही का, हा त्यांचा प्रश्न. शंकरशाहांचा कागद आणि चिथावणीखोर भाषण यांत फरक आहे. तो बोलणाऱ्याच्या हातात किती सत्ता आहे यावरून कळतो. कायद्याच्या कलमात तो मावत नाही.

आता पुन्हा थोडे मागे जाऊ. १९६१च्या दंगलीनंतर दीड वर्षाने मध्य प्रदेश सरकारने एका मराठी माणसाचे पुस्तक वाचले. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले थोर कवी. घरची भाषा मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी. चाळीसच्या दशकात काही काळ ते जबलपुरात हितकारिणी शाळेत शिकवत होते. राजनांदगावला प्राध्यापक असताना त्यांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पुस्तक लिहिले. ते अभ्यासक्रमासाठी मंजूर झाले होते. मग त्याविरुद्ध ओरड सुरू झाली. धर्म आणि संस्कृती यांविषयीची काही विधाने भावना दुखावतात, असा आक्षेप. पाठ्यपुस्तकांच्या धंद्यातले प्रतिस्पर्धी प्रकाशक या ओरडीमागे होते, असे मुक्तिबोधांचे स्नेही सांगत आले. १९ सप्टेंबर १९६२ रोजी सरकारने पुस्तकावर बंदी घातली. सरकार काँग्रेसचे होते, हे लक्षात ठेवा. प्रकरण इथल्या उच्च न्यायालयात आले आणि १९६३ साली आक्षेपार्ह ठरवलेले भाग वगळून पुस्तक छापण्याची मुभा मिळाली.

संस्कृती अनेक लोकांच्या मिसळण्यातून, भांडणातून, देवाणघेवाणीतून घडते. धर्म त्या घडणीत असतो आणि बदलतही असतो, अशी त्या पुस्तकाची दृष्टी होती. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात नवल वाटणार नाही. पण कोणती वाक्ये मुलांनी वाचावीत, हे न्यायालयात ठरले. या घटनेने मुक्तिबोध आतून खचले. फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि ११ सप्टेंबरला दिल्लीत ते गेले. वय ४६. त्यांचे जिवलग मित्र हरिशंकर परसाई याच गावात राहून तीस वर्षे पुढे लिहीत राहिले. त्यांच्यावर १९७३ साली घरात घुसून हल्ला झाला. दुखावलेल्या भावनेला कायद्याने एकदा पुरावा मानले की ती पुढे कायद्याची वाट पाहत नाही, हे परसाईंच्या अंगावरच्या वळांनी दाखवले.

शेवटचे प्रकरण मी मुद्दाम मागे ठेवले, कारण त्यात नागपूर आणि जबलपूर एकत्र येतात. १९५४ साली, नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना, रविशंकर शुक्ल सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी. समितीने १४ जिल्ह्यांत दौरा केला, ७७ ठिकाणी भेटी दिल्या, अकरा हजारांवर माणसांशी बोलली. १९५६च्या अहवालाने मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांची सेवा मान्य केली. पण धर्मांतरे मुख्यतः प्रलोभनाने होतात, मन वळल्याने क्वचितच होतात, असा निष्कर्ष काढला आणि कायदा करण्याची शिफारस केली. त्यातूनच १९६८चा मध्य प्रदेशचा धर्मस्वातंत्र्य कायदा आला. जबरदस्ती, फसवणूक आणि प्रलोभन गुन्हा ठरले. धर्मांतराची वर्दी जिल्हा दंडाधिकाऱ्याला देणे आले. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही. धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही, हे तिथेच ठरले.

फसवून धर्म बदलायला लावणे वाईट आहे, यात दुमत नाही. पण गरीब आदिवासी बाई चर्चमध्ये गेली तर ती तांदळासाठी गेली की शांतीसाठी, हे कोण सांगणार? पोट आणि आत्मा यांच्यात रेघ ओढण्याचे काम संतांनाही जमलेले नाही. ते आपण तहसीलदाराला दिले. आणि एक गोष्ट या कायद्यांच्या भाषेत नेहमी दडलेली असते. गरिबाला, बाईला, आदिवासीला, दलिताला आपले मन समजत नाही, म्हणून ते सरकारने समजून घ्यायचे. श्रीमंत माणसाने गुरू बदलला, आश्रम बदलला, तर कुणी पंचनामा करत नाही. याच गावात महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या रजनीशांच्या मागे जगभरचे लोक गेले. त्यांच्यापैकी कुणाला प्रलोभनाचा खुलासा द्यावा लागला नाही.

२०२१च्या नव्या कायद्याने आणखी पुढे जाऊन साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे घोषणा करणे सक्तीचे केले. धर्मांतर करवणाऱ्या पुरोहितानेही साठ दिवस आधी कळवायचे, नाही तर तीन ते पाच वर्षे कैद. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथल्या उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की सज्ञान माणसांनी स्वखुशीने लग्न केले असेल तर त्या घोषणेपायी त्यांच्यावर कारवाई करू नये. मला तो आदेश या न्यायालयाच्या इतिहासातला मानाचा दिवस वाटतो.

आता नियोगींकडे परत येतो. १४ ऑक्टोबर १९५६. विजयादशमी, नागपूर. राज्य पुनर्रचना व्हायला अठरा दिवस बाकी होते, म्हणजे ती जमीन त्या दिवशी मध्य प्रदेशचीच होती. १९३५ साली येवल्याला केलेली घोषणा बाबासाहेब आंबेडकरांनी एकवीस वर्षांनी पुरी केली आणि लाखो माणसांनी त्यांच्यासोबत बौद्ध धम्म स्वीकारला. या देशाच्या राजकारणात धर्माने केलेली त्याहून मोठी कृती विसाव्या शतकात मला दिसत नाही. जन्माने लादलेली पायरी नाकारण्यासाठी त्या माणसांनी शस्त्र घेतले नाही, सरकारकडे अर्ज केला नाही. त्यांनी प्रतिज्ञा म्हटल्या. त्याच दीक्षासोहळ्यात बौद्ध झालेल्या नामवंतांत डॉ. भवानीशंकर नियोगी होते. ज्या न्यायाधीशाने दुसऱ्यांची धर्मांतरे तपासली, त्याने काही महिन्यांत स्वतःचे केले. त्यांच्या मनात काय चालले होते हे कुणी त्यांना विचारले नाही, आणि ते योग्यच झाले. तो त्यांचा हक्क होता. दीक्षाभूमीवर पांढऱ्या कपड्यांत उभ्या असलेल्या शेतमजुराचा, गिरणी कामगाराचा, खेड्यातून पायी आलेल्या बाईचाही तो तेवढाच होता. आजचा कायदा त्या दिवशी लागू असता, तर त्यांच्यातल्या प्रत्येकाला ऑगस्टच्या पावसात जिल्हा कचेरीच्या रांगेत उभे राहून आपली श्रद्धा साहेबांपुढे वाचायला द्यावी लागली असती.